फोर बाय फोर रूपांतर (जीप)

मुळात फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या जीपमध्ये दुसऱ्या, बहुधा भंगारात निघालेल्या जीपचे भाग बसवून चारही चाके चालती करण्याचे काम. मराठीत ‘चारचाकी’ म्हणजे कोणतीही मोटार. त्यामुळे चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला गॅरेजात ‘फोर बाय फोर’ म्हणतात आणि या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे. अवयवदात्याप्रमाणे जिचे भाग काढून घेतले जातात ती दाता गाडी.

मूळ गाडी तशीच ठेवून पुढची चाके चालती करण्याची कल्पना जीपपेक्षाही जुनी आहे. इंडियानापोलिस येथे १९३१ मध्ये स्थापन झालेली मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३५ पासून फोर्डचे ट्रक अशा रीतीने बदलून देत असे. मिनियापोलिसच्या नॅप्को कंपनीचे संच १९५०च्या दशकात शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअप गाड्यांना बसत. ते नव्या भागांचे तयार संच होते. जुन्या गाडीचे भाग काढून दुसरीला बसवणे हे वेगळे काम आहे, आणि भारतात ते मुख्यतः जीपच्या घराण्यात होत आले. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे कितीतरी वर्षे त्याच आराखड्यातून निघालेल्या गाड्या बनत राहिल्या. काही फोर बाय फोर, काही फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. महाराष्ट्रातल्या गावोगावी वडाप (सामायिक प्रवासी गाडी) म्हणून धावलेल्या जीपगाड्यांत दुसऱ्या प्रकारच्या गाड्या पुष्कळ होत्या. बाहेरून दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की एकीचे भाग दुसरीला सहज बसतील असे कोणालाही वाटावे. जुन्या जीपच्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार धुंडाळला जातो, तर हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जीप नव्याने बांधून देण्यासाठीच नावाजलेले आहे.

पुढचा ॲक्सल बदलला की काम झाले, हा या कामाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज. फोर बाय फोर जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असतो. तो ताकदीची पुढे आणि मागे वाटणी करतो व चढासाठी वेगळा ‘लो’ गिअर देतो. विलीज घराण्यातील ‘स्पायसर १८’ या ट्रान्स्फर केसचा मुख्य गिअर गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या शेपटावरच बसतो. दोन चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये हे शेपूट वेगळे असते, म्हणून गिअरबॉक्स उघडून शाफ्ट बदलावा लागतो किंवा अख्खा गिअरबॉक्सच दाता गाडीतून आणावा लागतो. शिवाय या केसमधून प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या मध्यातून न निघता उजव्या बाजूने निघतात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचे डिफरन्शियलचे गोळेही त्यामुळे उजवीकडे सरकलेले असतात. मूळ गाडीचा मागचा गोळा मध्यावर असेल, तर शाफ्ट तिरका पडून त्याचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) लवकर जातात. म्हणजे पुढची चाके चालती करण्यासाठी बरेचदा मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. जुन्या विलीजमध्ये हँडब्रेकचा ड्रम आणि स्पीडोमीटरचा गिअर हेही ट्रान्स्फर केसवरच असतात. केस आणला आणि ते मागे राहिले, तर गाडी उतारावर उभी करता येत नाही.

पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर एकच असणे हा या कामाचा कणा होय. जुन्या जीपच्या फोर बाय फोर पद्धतीत लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांना एकाच वेगाने फिरावे लागते. युद्धकाळातील विलीज एमबीचे गुणोत्तर ४.८८ (३९ दात्यांचा क्राउन, ८ दात्यांचा पिनियन), तर नंतरच्या सीजे-३बीचे ५.३८ (४३ आणि ८). लष्कराच्या जुन्या गाडीचा मागचा ॲक्सल आणि सीजेचा पुढचा ॲक्सल एकाच जीपमध्ये बसवले, तर मागची चाके १०० मीटर जाऊ पाहतात तेवढ्यात पुढची सुमारे ९१ मीटरच जाऊ पाहतात. चिखलात चाके घसरून हा फरक भागवून घेतात. कोरड्या डांबरावर मात्र शाफ्ट पिळले जातात, लिव्हर अडकून बसतो आणि शेवटी क्रॉस, दाते किंवा केस यांपैकी काहीतरी तुटते. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ॲक्सल मोजून घ्यावा. दोन्ही चाके उचलून बरोबरीने एक पूर्ण फेरा द्यावा. तेवढ्यात पिनियनने घेतलेले फेरे म्हणजे गुणोत्तर. एक चाक धरून ठेवले असेल तर दुसऱ्याला दोन फेरे द्यावेत. या मोजणीला दहा मिनिटे पुरतात, ती टाळू नये. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असणेही याच कारणासाठी आवश्यक आहे.

पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला पुढचा ॲक्सल काढून त्याच जागी चालता ॲक्सल बसवणे त्या मानाने सोपे. पाट्यांमधले अंतर, यू-बोल्टच्या बैठकी आणि चाकाच्या बोल्टांची मांडणी तेवढी जुळली पाहिजे (विलीज घराण्यात साडेपाच इंच व्यासावर पाच बोल्ट). खरी कसरत कोनाची असते. विलीजच्या पुढच्या ॲक्सलचा किंगपिन (चाक ज्याभोवती वळते तो खिळा) सुमारे ३ अंश मागे कललेला ठेवतात. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते. पाटे उंच केले की पिनियनचे तोंड ट्रान्स्फर केसकडे वळवण्याचा मोह होतो आणि त्यासाठी पाट्याखाली पाचर ठोकली जाते. शाफ्टचा कोन सुधारतो, पण किंगपिनचा कल जातो आणि वेगात पुढची चाके थरथरू लागतात. पाटे मूळ उंचीवर ठेवणे हाच चांगला उपाय. पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारचे आणि चाके स्वतंत्र असतील तर चेसीसचे आडवे खांब आणि इंजिनाची तेलटाकी मध्ये येते. अशा गाडीत हे काम सहसा परवडत नाही.

म्हणून पूर्ण दाता गाडी एकदम घेणे सर्वांत उत्तम. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन्ही ॲक्सल, दोन्ही शाफ्ट, लिव्हर, कंस आणि हँडब्रेक एकाच गाडीतून उतरले, तर ते आधीपासून एकमेकांना जुळलेले असतात. पाच बाजारांतून पाच भाग गोळा केले की लेथवरची कामे वाढत जातात आणि शेवटी खर्चही जास्त होतो.

भारतात हे रूपांतर फक्त गॅरेजचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ ठामपणे मांडला. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरटीओकडे जाणे इष्ट. नोंदणीपत्राशी गाडी जुळत नसेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मातीत घ्यावी. प्रत्येक शाफ्टला वर-खाली होण्याइतकी मोकळीक आहे का ते एक चाक खड्ड्यात उतरवून बघावे. पन्नासेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि केसमधले तेल पाहावे. लिव्हर निघेनासा झाला तर तो ओढत बसू नये. गाडी काही फूट मागे घेतली की पिळलेले शाफ्ट सैल पडतात आणि तो सुटतो. वारंवार असे होत असेल तर गाडी पुन्हा उचलून दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर मोजावे.