कर्करोगाची पेशी आणि तिचा शेजार: मिना बिसेल यांचे संशोधन

जनुकांत बिघाड झाला की पेशी बेसुमार वाढते आणि कर्करोग होतो, असे सर्रास सांगितले जाते. तेहरानमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधक मिना बिसेल यांना एवढे उत्तर पुरेसे वाटले नाही.

कोंबड्यांमध्ये गाठी निर्माण करणारा राऊस सार्कोमा विषाणू त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात सोडला. गाठ झालीच नाही! त्याच भ्रूणातल्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या, तेव्हा मात्र त्या कर्करोगी झाल्या. हे १९८४ मधले काम.

१९९७ चा प्रयोग जास्त गाजला. स्तनाच्या निरोगी पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या की नीटनेटका गोल पुंजका करून वाढ थांबवतात. कर्करोगी पेशी वेड्यावाकड्या वाढतच राहतात. बाहेरचे निरोप पेशीच्या आत पोहोचवणारे बीटा-१ इंटिग्रिन हे प्रथिन बिसेल यांच्या गटाने प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा याच पेशी निरोगी पेशींसारखा पुंजका करू लागल्या. जनुकांतला बिघाड तसाच होता. अशा पेशी उंदरांना टोचल्यावर गाठीही कमी झाल्या. अर्थात हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष. ‘कर्करोग उलटवणारा उपचार सापडला’ असा याचा अर्थ नाही.

पेशींना चौकटीत ठेवणारे आधारपटल फोडूनच कर्करोग आजूबाजूला शिरतो. असे आवरण कुरतडणारे स्ट्रोमेलायसिन-१ हे विकर उंदरांच्या स्तनग्रंथीत वाढवल्यावर काही काळाने तिथे गाठी झाल्या.