कैफियत

'शेतकऱ्यांनी मंत्र्यांपुढे आपली कैफियत मांडली' असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. तेथे कैफियत म्हणजे गाऱ्हाणे. आमच्या जांबोटीकडचा माणूस खानापूरच्या कोर्टाची पायरी चढला, की हाच शब्द त्याला निराळ्या अर्थाने भेटतो. वादीने दावा लावावा आणि प्रतिवादीने त्याला लेखी उत्तर द्यावे, ते उत्तर म्हणजे कैफियत. सीमाप्रश्नाचेच उदाहरण घ्या. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला महाराष्ट्राने; कैफियत द्यायची ती कर्नाटकाने.

शब्द मूळचा अरबी. 'कैफ' म्हणजे 'कसे'. त्यावरून कैफियत म्हणजे एखादी गोष्ट कशी आहे, कशी घडली, याची हकीकत. फारसीच्या वाटेने तो आपल्या दरबारी कारभारात आला. पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला, की वतनदार आपल्या घराण्याची हकीकत लिहून देई, तीही कैफियतच.

कन्नडातही हा शब्द आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर कॉलिन मॅकेंझीने म्हैसूर मुलखाची मोजणी केली. त्याच्या माणसांनी गावोगावी फिरून देवळांच्या, पाळेगारांच्या हकीकती जमवल्या. त्यांचे नाव कैफियती. त्यांतल्या कन्नड कैफियती पुढे डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनी संपादित केल्या. आपले गाऱ्हाणे, कोर्टातले उत्तर आणि कन्नड अभ्यासकाचा गावचा इतिहास, तिन्ही एकाच शब्दात नांदतात.

पण कोर्टात या अर्थांची गल्लत महागात पडते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम असा, की दाव्यातली जी गोष्ट कैफियतीत स्पष्ट नाकारलेली नाही, ती सामान्यतः कबूल धरली जाते. आमच्याकडे मात्र पुष्कळजण कैफियतीला विनंतीअर्ज समजतात. चार ओळी गरिबीच्या, दोन भाऊबंदकीच्या. वाटणी केव्हा झाली, कबजा कोणाचा, हे सांगायचे राहून जाते आणि त्याबरोबर कधी जमीनही जाते.

त्यात भाषेची अडचण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. खालच्या कोर्टांची भाषा राज्य सरकार ठरवते. त्यामुळे आमच्या माणसाची कैफियत कन्नडात नाहीतर इंग्रजीत लिहिली जाते. शेवटी 'वरील मजकूर खरा आहे' असे प्रतिज्ञापन असते. त्याखाली तो मराठीत सही करतो. जे वाचता आले नाही, त्याच्या खरेपणाची हमी देतो!

कन्नड शिकावे, हे खरेच. पण तोवर एवढे तरी करावे. सहीपूर्वी वकिलांना सांगावे, 'साहेब, सगळे मराठीत समजावून सांगा.' दाव्यातले एकेक कलम विचारावे आणि त्याला आपण काय उत्तर दिले, तेही विचारावे. यात संकोच कसला? हकीकत आपली आहे. ती कशी घडली, हे आपल्याइतके वकिलांनाही ठाऊक नसते.