रेघ आणि ठिपका: मिरजेच्या ताम्रपट्ट्यांपासून संगणकावरील ट्रेसिंगपर्यंत

१/ मराठी मुद्रणाच्या इतिहासात १८०५ हे साल दोनदा भेटते. त्या वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळे जुळवून छापले गेले. त्याच वर्षी मिरजेत भगवद्गीताही छापली गेली. मात्र तिच्यासाठी एकही खिळा ओतला नव्हता. तिची अक्षरे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली होती.

२/ या कामाची सुरुवात पुण्यातली. १७८६ ते १७९७ या काळात पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या प्रोत्साहनाने एका तांबट कारागिराने मुद्रणासाठी पत्रे कोरण्याची कला आत्मसात केली. नाना फडणवीसांनी त्याच्याकडून गीता कोरवून घेण्यास आरंभ केला. १८०० मध्ये नाना निवर्तले आणि काम अर्धवट राहिले. पुढे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ते मिरजेत तडीस गेले.

३/ तांब्यावर अक्षर कोरणे या मुलुखाला नवे नव्हते. चालुक्य विष्णुवर्धनाचा सातव्या शतकातील दानलेख ‘सातारा ताम्रपट’ म्हणूनच ओळखला जातो. परंतु दानलेखाचा ताम्रपट थेट वाचायचा असतो. छपाईचा पत्रा कागदावर उमटवायचा असतो, म्हणून त्यावरील प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागते.

४/ ताम्रपट्ट-मुद्रणाची सर्वसाधारण रीत अशी: कोरणीने पत्र्यात बारीक चर पाडायचे, त्यांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा आणि ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून दाबून काढायचा. चरातली शाई कागद ओढून घेतो. येथे करड्या छटेला जागा नाही. चर आहे किंवा नाही, एवढेच.

५/ आता कोरणाऱ्याची अडचण पाहा. समोरच्या हस्तलिखितात शाई फुटलेली असते, बोरूची रेघ कुठे जाड तर कुठे पुसट असते. पत्र्यावर मात्र ‘बहुधा’ कोरता येत नाही. अक्षराची कड नेमकी कोठे संपते, हे कोरणाऱ्याला ठरवावेच लागते. चित्राचे रेघेत रूपांतर म्हणजे मुळात असा निर्णय होय.

६/ पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी वाट निघाली: हाफटोन. आडव्या-उभ्या रेघांच्या काचेच्या जाळीतून छायाचित्र घेतले की त्याचे लहानमोठे ठिपके होतात. मोठे ठिपके गडद दिसतात, बारीक ठिपके फिकट. सातारा जिल्ह्यातील औंधचे चित्रकार-राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे ‘चित्र रामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पुस्तकांत रंगचित्रे छापण्याची ही प्रचलित रीत झाली होती.

७/ म्हणून जुन्या छापखान्यांत दोन प्रकारचे ठसे असत. रेखाचित्र, सही, शिक्का यांसाठी लाइन ब्लॉक. छायाचित्रासाठी हाफटोन ब्लॉक. आज संगणकावर ज्यांना व्हेक्टर आणि रास्टर म्हणतात, त्या जोडीचे हे पूर्वज समजावेत.

८/ रास्टर म्हणजे ठिपक्यांचा पट. ३ इंच लांबीरुंदीचा शिक्का इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर ९०० गुणिले ९००, म्हणजे ८,१०,००० ठिपके मिळतात. तोच शिक्का ३० इंचांच्या फलकावर ताणला, की इंचाला उरतात अवघे ३०. कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात.

९/ व्हेक्टरमध्ये ठिपके साठवले जात नाहीत. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचे गणित साठवले जाते. या वक्रांना नाव मिळाले ते रेनो मोटार कंपनीतील अभियंता पिएर बेझिए याचे. १९८४ मध्ये आलेल्या पोस्टस्क्रिप्टने हेच गणित छपाईत रूढ केले. आकार कितीही वाढवा, कड रेखीवच राहते.

१०/ मग स्कॅन उघडून ‘ट्रेस’ची कळ दाबली की काम झाले का? नाही. संगणक अक्षर पाहत नाही. गडद-फिकटाची सीमा पाहतो. बारीक डाग गाळायला सांगितले, तर डागांबरोबर अनुस्वारही जातो आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो. पोटातली तिरपी रेघ पुसली की ‘ष’चा ‘प’ होतो. व्रण पडलेल्या ‘व’चा ‘ब’ होतो.

११/ आणि धोका असा, की चुकलेली व्हेक्टर प्रत मूळ ठशापेक्षा स्वच्छ दिसते. डोळा स्वच्छतेला सत्य मानतो. शिवकालीन मुद्रा टी-शर्टवर, गाडीच्या काचेवर, फलकावर छापली जाते. पुढचा छापणारा त्या छापावरूनच नवी प्रत काढतो. तीनचार पिढ्यांत चुकीचे अक्षरच ‘अस्सल’ ठरते.

१२/ या बाबतीत आदर्श पुन्हा मिरजेतच सापडतो. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील मोडी कागद वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मोडीतून बाळबोधीत नेणे हेही रूपांतरच. तेथे अक्षराच्या आकाराआधी अर्थ लावावा लागतो. शब्द कळला की संशयित ठिपका डाग आहे की अनुस्वार, हे उमगते.

१३/ तेव्हा जुना शिक्का छपाईसाठी तयार करताना क्रम असा ठेवावा. आधी मजकूर पूर्ण वाचावा. त्याच मुद्रेचे आणखी ठसे मिळाल्यास ताडून पाहावेत. स्कॅन खालच्या थरावर ठेवून रेघ स्वहस्ते काढावी. जेथे अक्षर झिजले आहे, तेथे ते झिजलेलेच ठेवावे. कल्पनेने भरू नये. आणि मूळ स्कॅन कधीही पुसून टाकू नये.

१४/ मिरजेच्या पत्र्यावर चुकून पडलेला चर सहज बुजवता येत नव्हता, म्हणून हात जपून चालत असे. आज चूक एका कळीने मागे घेता येते. पण छापून गावोगाव पोचलेली चूक मागे घेणारी कळ अजून निघालेली नाही. वाचल्याशिवाय कोरू नये, हा जुना नियम म्हणूनच आजही लागू आहे.