प्रो कबड्डीचे नियम कॉलेजच्या मैदानावर चालतात का? मोसमाआधी प्रशिक्षक काय तपासतात?

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रो कबड्डी लीगचा बारावा मोसम सुरू झाला आणि एक मोठा बदल दिसला. आधी साखळी सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघांना तीन-तीन गुण मिळायचे. आता बरोबरी झाली की पाच-पाच चढाया होतात आणि निकाल लागतोच. जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला शून्य.

पावसाळ्याच्या याच दिवसांत कॉलेजांच्या कबड्डी संघांची बांधणी सुरू असते. यवतमाळ जिल्ह्यातलं वणी हे असंच एक तालुक्याचं शहर. इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयासारख्या कॉलेजात खेळणारी आजची पिढी प्रो कबड्डी बघत मोठी झाली आहे. त्यामुळे सरावाला आलेल्या खेळाडूंच्या मनात एक प्रश्न असतोच. टीव्हीवर नियम बदलला, म्हणजे आपलाही बदलला का?

थोडक्यात उत्तर : आपोआप नाही. आणि हे 'आपोआप नाही' ज्या प्रशिक्षकाने मोसमाआधी समजून घेतलं, त्याचा संघ ऐन सामन्यात फसत नाही.

कॉलेजची कबड्डी नेमकी कोणाच्या नियमांनी चालते?

प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग आहे. सामना रंगतदार व्हावा, प्रेक्षक खिळून राहावेत, यासाठी आयोजक तिच्या नियमांत दर मोसमाला फेरफार करू शकतात.

कॉलेजची कबड्डी वेगळ्या साखळीतून पुढे जाते. वणीतली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतले संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांशी भिडतात. तिथल्या कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तिथे वरचा क्रमांक मिळवला तर अखिल भारतीय स्पर्धेत. त्यापुढचा टप्पा म्हणजे २०२० मध्ये भुवनेश्वरपासून सुरू झालेली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स.

आंतरविद्यापीठ स्पर्धांचा कारभार असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज म्हणजे एआययू बघते. खेळाचे नियम मात्र कबड्डी महासंघाच्या नियमपुस्तिकेतून येतात. लीगमधला एखादा नियम महासंघाने स्वीकारला, तरच तो या साखळीत अधिकृतपणे उतरतो.

एका सामन्याला इतकं महत्त्व का?

लीगमध्ये एक सामना हरला तर पुढे बरेच सामने उरतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अनेकदा बाद पद्धतीने होते. एक सामना हरला की संघाचा मोसम संपतो.

वणीहून अमरावती २०० किलोमीटरच्या आसपास आहे. त्या मानाने चंद्रपूर कितीतरी जवळ, पण ते दुसऱ्या विद्यापीठात. म्हणजे दोन महिने सराव करायचा, पहाटे बस पकडायची आणि चाळीस मिनिटांत सगळं ठरणार.

विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूला आपल्याकडे 'कलर कोट' म्हणतात. हा मान नुसता मिरवण्यापुरता नसतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याच्या पात्रतेचे निकष कडक आहेत आणि नुसतं स्पर्धेत उतरून भागत नाही. पण वरच्या स्पर्धांचा रस्ता आंतरमहाविद्यालयीन सामन्यातूनच जातो. शेतकऱ्याच्या किंवा कोळसा खाणीतल्या कामगाराच्या घरातल्या मुलामुलींना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

नियम बदलला की संघ कसा बदलतो?

नियम कागदावर एका ओळीचा असतो. पण त्यामुळे संघात कोणाला घ्यायचं, हेच बदलू शकतं. चार उदाहरणं बघू.

१. तिसरी चढाई. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाही मिळाला तर चढाईपटू बाद. याला 'करो या मरो' चढाई म्हणतात. पूर्वी आघाडीवर असलेला संघ निदान रेषा ओलांडून परत यायचा आणि वेळ काढायचा. या नियमाने ती सोय संपवली. त्यामुळे प्रशिक्षकाला असा एक गडी हवा असतो, जो ३० सेकंदांत, समोर पूर्ण बचाव असताना, काहीतरी घेऊन येईल. हा गडी संघातला सर्वात वेगवान असेलच असं नाही, पण त्याचं डोकं थंड हवं.

२. अव्वल पकड. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर एक गुण जास्तीचा. म्हणजे एका पकडीला दोन गुण. तीनच गडी उरले की लोण जवळ आला, असं पूर्वी मानलं जायचं. लोण बसला तर समोरच्याला दोन जादा गुण मिळतात, ते आजही खरंच आहे. पण आता तीन जणांचा बचाव पारडंही फिरवू शकतो. म्हणून सरावात नेहमी सात विरुद्ध एक खेळून चालत नाही. तीन जणांची साखळी वेगळी घोटून घ्यावी लागते.

३. बोनस. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. पाय बोनस रेषेपलीकडे टाकताना मागचा पाय हवेत हवा. बोनसच्या गुणावर आपला बाद गडी उठत नाही. टीव्हीवर गुणफलक सगळं दाखवतो. कॉलेजच्या मैदानात समोर किती गडी उभे आहेत, हे चढाईपटूलाच मोजायचं असतं. पाच असताना बोनससाठी आत शिरणं म्हणजे फुकटचा धोका.

४. पाच-पाच चढाया. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की निकालासाठी ही पद्धत महाराष्ट्रातल्या कबड्डीला जुनी आहे. दोन्ही संघ सात-सात गडी उतरवतात आणि पाच वेगवेगळे चढाईपटू क्रमाने पाठवतात. निदान रेषाच बोनस रेषा होते. कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. इथे एका हुकमी चढाईपटूवर अवलंबून असलेला संघ उघडा पडतो, कारण त्याची चढाई एकदाच येते. चौथा आणि पाचवा चढाईपटू कोण, हे सामन्यात नाही, सरावातच ठरलेलं असावं लागतं.

नियमाबद्दल एकमत नसेल तर काय होतं?

याचं उत्तर साऱ्या जगाने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊमध्ये पाहिलं. आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण. सामना संपायला मिनिटभराच्या आसपास वेळ उरला होता आणि गुण होते २८-२८.

भारताचा कर्णधार पवन सेहरावत 'करो या मरो' चढाईला गेला. कोणालाही स्पर्श होण्याआधीच तो लॉबीत गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत आले.

इथे लॉबी म्हणजे काय, ते समजून घेऊ. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी असते. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श झाला की ती पट्टी मैदानाचा भाग होते. त्याआधी तिच्यात पाय पडला तर खेळाडू बाद.

मग पवन बाद की इराणचे बचावपटूही बाद? नव्या पद्धतीनुसार चढाईपटू लॉबीत गेला की चढाई तिथेच संपते आणि तो एकटाच बाद होतो. जुन्या पद्धतीनुसार त्याच्या मागे लॉबीत शिरलेले बचावपटूही बाद. इराण एका नियमावर बोट ठेवत होता, भारत दुसऱ्या. पंचांचा निर्णय फिरत राहिला, खेळाडू मैदानातच बसले आणि खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला. भारताने सामना ३३-२९ असा जिंकला. महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे या संघात होते.

आशियाई अंतिम सामन्यात, इतके कॅमेरे आणि इतके अधिकारी असताना हे झालं. कॉलेजच्या सामन्यात सहसा कॅमेरा नसतो. पंचांनी शिट्टी वाजवली की विषय संपतो. म्हणून लॉबीचा नियम कोणता धरणार, हे सामना सुरू होण्याआधी विचारून घेणं शहाणपणाचं. सरावात तर खेळाडूंना सरळ सवय लावावी : स्पर्श नसेल तर लॉबीत पाय टाकायचा नाही, चढाईपटूच्या मागेही नाही. ही सवय दोन्ही नियमांत चालते.

माती की मॅट?

नियमांइतकाच फरक मैदानाने पडतो. वरच्या पातळीवरचे सामने आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी खेळणारा खेळाडू मॅटवर बूट घालून उतरला की त्याचा पायच वेगळा पडतो. मॅटवर पकड घट्ट मिळते, वेग वाढतो. पण पाय अडकून गुडघा किंवा घोटा मुरगळण्याची भीतीही असते.

वणी परिसरातली जमीन काळी. पावसात ती चिकट होते आणि उघड्यावरचा सराव बंद पडतो. पाऊस थांबेपर्यंत परीक्षा जवळ येतात. तोवर सोयाबीन काढणीला येतं आणि पुढे कापूस वेचणी, म्हणजे घरी हातांची गरज. सरावाचे खरे दिवस हातात किती, हे कॅलेंडर बघून नाही, पाऊस आणि शेत बघून मोजावं लागतं. स्पर्धा मॅटवर असेल तर त्यातले निदान काही दिवस मॅट असलेल्या ठिकाणी सराव मिळवणं गरजेचं.

वय, वजन आणि कागदपत्रं

काही संघ मैदानात उतरण्याआधीच एखादा खेळाडू गमावतात. वरिष्ठ गटात वजनाची मर्यादा पुरुषांना ८५ किलो आणि महिलांना ७५ किलो आहे. पूर्वी ती ८० आणि ७० होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५ दरम्यान लागतं आणि ते १ जुलैला मोजतात. खेळाडू त्या कॉलेजचा नियमित विद्यार्थीही हवा.

महिला संघ बांधताना मैदानाचं मापही लक्षात ठेवावं लागतं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८ मीटर. लहान मैदानात चढाईपटूला निसटायला जागा कमी आणि कोपरारक्षकाला संधी जास्त.

नियम बदलणं ही नवी गोष्ट आहे का?

अजिबात नाही. आज आपण खेळतो ती कबड्डी नियम बदलतच घडली आहे. महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू म्हणून संजीवनी, गामिनी आणि अमर अशा प्रकारांत खेळला जायचा. गामिनीत बाद झालेला गडी परत यायचा नाही, संजीवनीत तो उठायचा. आजचा 'गडी उठणं' हा नियम संजीवनीचा वारसा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत महाराष्ट्रातल्या संस्थांनी हे नियम एकत्र आणले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला. १९९० मध्ये तो आशियाई स्पर्धेत आला.

पहिल्या सामन्याआधी विचारायचे पाच प्रश्न

खेळाडू असाल, पालक असाल किंवा नव्याने संघ सांभाळत असाल, तर आयोजकांच्या बैठकीत हे विचारून घ्या :

• तिसरी चढाई आणि अव्वल पकड हे नियम लागू आहेत का?
• स्पर्शाशिवाय लॉबीत गेलेल्या चढाईपटूच्या मागे बचावपटू आले, तर बाद कोण?
• बरोबरी झाली तर निकाल कसा लावणार? पाच चढायांनंतरही बरोबरी राहिली तर?
• सामने मातीवर की मॅटवर? बूट सक्तीचे आहेत का?
• वजन कधी आणि कुठे होणार?

उत्तरं मिळाली की ती फक्त कर्णधाराला सांगून थांबू नका. बाराही खेळाडूंना सांगा. लॉबीत पाय कोणाचा पडेल, हे आधी कोणालाच माहीत नसतं.