ॲलिबाय आयक
वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन संस्थेने १९३५ साली प्रदर्शित केलेला, बेसबॉलच्या खेळावरील कृष्णधवल विनोदी बोलपट. रिंग लार्डनर यांच्या १९१५ सालच्या लघुकथेवर आधारलेल्या व रे एनराइट यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात, स्वतःच्या प्रमादांचीच नव्हे तर यशाचीही काहीतरी सबब सांगणाऱ्या पिचरची भूमिका जो ई. ब्राउन यांनी वठविली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांच्या प्रारंभीच्या भूमिकांपैकी एक यात असल्याने, आणि चित्रपटगृहांकडून भित्तिपत्रके परत घेऊन ती जीर्ण होईपर्यंत वापरण्याचा तत्कालीन रिवाज असल्याने, त्याच्या त्यामुळे दुर्मीळ झालेल्या अस्सल जाहिरात-साहित्यास चित्रपटांचे व बेसबॉलचे संग्राहक सारखेच मोल देतात. ब्राउन यांच्या बेसबॉलविषयक तीन चित्रपटांपैकी हा अखेरचा होय.