आग्वाद दीपगृह

आग्वाद दीपगृह : गोव्यातील एक ऐतिहासिक दीपगृह. उत्तर गोवा जिल्ह्याच्या बार्देश तालुक्यात कांदोळी व शिकेरी यांच्या दक्षिणेस, मांडवी नदी अरबी समुद्राला मिळते त्या भूशिरावर, आग्वाद किल्ल्याच्या वरच्या कोटात ते उभे आहे (सुमारे १५° २९′ उ. व ७३° ४६′ पू.). मनोऱ्याची उभारणी १८६४ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचा वापर थांबला. मुंबई बंदराच्या तोंडावरील खांदेरी (१८६७) व प्राँग्ज (१८७५) या दीपगृहांपेक्षा ते जुने आहे. बंदराची वाट दाखवणारा दिवा आणि जहाजांना गोडे पाणी पुरवणारे टाके एकाच कोटात असणे, हे या स्थळाचे वेगळेपण.

किल्ला आणि पाणी : मांडवीच्या मुखाचे पाणी खारे असते. जहाजांना पिण्याचे पाणी मिळे ते किल्ल्याच्या टेकडीतून. या भागात जांभा दगडाचे सडे आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली मुरते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पोर्तुगीज भाषेत जहाजांनी पाणी भरून घेण्याच्या जागेला ‘आग्वादा’ म्हणतात. किल्ल्याचे नाव त्यावरूनच पडले.

किल्ल्याचे बांधकाम १६०९ मध्ये सुरू होऊन १६१२ मध्ये पुरे झाले. त्याचे दोन भाग आहेत. खालचा कोट नदीकाठी असून तेथे जहाजे लागत. वरच्या कोटात तटबंदी, कोरडा खंदक, दारूगोळ्याची कोठारे आणि भूमिगत टाके होते. टाक्याची क्षमता २३ लाख ७६ हजार गॅलन, म्हणजे जवळपास एक कोटी लिटर सांगितली जाते. कोटात शिरल्यावर टाके पटकन ओळखू येत नाही. दिसते ते दगडी फरसबंदीचे मोकळे पटांगण. त्यातली झरोक्यांची तोंडे आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या पाहिल्या की आपण टाक्याच्या छतावर उभे आहोत हे ध्यानात येते.

लिस्बनहून निघणारी जहाजे मार्च-एप्रिलमध्ये शिडे उभारीत आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचत. पिंपांतले पाणी तोवर संपत आलेले किंवा नासलेले असे. नेमका त्याच सुमारास येथे पावसाळा संपून टाकी व झरे भरलेले असत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत पाणी भरून निघत. पाण्यावर असा ताबा असल्यामुळे शत्रूच्या आरमाराला दूर ठेवणे आणि आपली जहाजे चालती ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच किल्ल्यातून होत.

संरक्षण : डचांच्या आरमाराचा धोका ओळखून पोर्तुगिजांनी आग्वादची बांधणी भक्कम केली. नदीच्या वरच्या अंगास रेईश मागूशचा किल्ला आणि समोरच्या दक्षिण तीरावर काबो व गाश्पार दियश यांचे कोट होते. त्यामुळे मांडवीत शिरणारे जहाज दोन्ही काठांवरील तोफांच्या टप्प्यात येई. डचांनी १६३६ ते १६४४ या काळात गोव्याच्या मुखाची वारंवार कोंडी केली. १७३९ मध्ये मराठ्यांच्या फौजा बार्देशात उतरल्या. आग्वाद मात्र पोर्तुगिजांकडेच राहिला. नेपोलियनच्या युद्धकाळात, १७९९ ते १८१३ दरम्यान, इंग्रजांची पलटण येथे तळ देऊन होती.

मनोरा : दीपगृहाचा मनोरा गोल, चार मजली आणि सुमारे १३ मीटर उंचीचा आहे. बाहेरून त्याला पांढरा रंग असून माथ्यावर दिव्याची खोली आहे. मनोरा ठेंगणा वाटतो, पण उंचीचे मुख्य काम टेकडीनेच केलेले आहे. सुरुवातीला त्यात तेलाचा दिवा जळे.

जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटा १८४१ ते १८७१ या काळात आग्वादला होती. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर हा मठ ओस पडला आणि त्याच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. ही घंटा १८७१ मध्ये पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये हलवण्यात आली. आकाराने ती गोव्यात दुसऱ्या क्रमांकाची मानली जाते. पहिला मान जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या घंटेचा.

जलमार्ग : मांडवीच्या मुखाशी वाळूची दांडी आहे. पावसाळ्यात तिच्यावर लाटा फुटू लागल्या की हा मार्ग धोक्याचा होतो. म्हणून खनिजाचे बार्ज त्या महिन्यांत आग्वादचे मुख टाळून कुंभारजुवे कालव्याने झुआरीत उतरत आणि मुरगाव बंदर गाठीत. दिवा दिशा दाखवतो. बंद पडलेल्या जहाजाला तो आवरू शकत नाही. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज वादळी हवेत भरकटून कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतले. त्याचा सांगाडा हलवायला २०१२ साल उजाडले.

कारागृह : पोर्तुगालच्या सालाझार राजवटीत खालच्या कोटात राजकीय कैदी ठेवले जात. त्रिस्तांव दि ब्रागांझा कुन्हा आणि राम मनोहर लोहिया यांना १९४६ मध्ये येथे डांबण्यात आले होते. गोवामुक्तीनंतरही मध्यवर्ती कारागृह येथेच होते. २०१५ मध्ये ते अन्यत्र हलवले गेले. पुढे या वास्तूची डागडुजी होऊन मुक्तिसंग्रामाचे संग्रहालय उभे राहिले आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

सद्यःस्थिती : जुना दिवा बंद झाल्यावर त्याचे काम जवळच उभारलेल्या नव्या दीपगृहाने घेतले. ते केंद्र सरकारच्या दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाकडे असून रात्री चालू असते. वरचा कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. शिकेरीच्या बाजूला समुद्रात शिरलेल्या बुरुजालगत १९७४ पासून पंचतारांकित हॉटेल आहे. येथे येणाऱ्यांपैकी बहुतेकजण मनोऱ्यापुढे छायाचित्र काढून परततात. पण १८६४ च्या मनोऱ्याआधी अडीच शतके जहाजे येथे येत होती ती पाण्यासाठी. म्हणून आग्वाद समजून घ्यायचे तर पाहणी टाक्यापासून सुरू करावी, मनोरा नंतर पाहावा.