मुलाम्याखालचे तांबे : नाण्याची किंमत नेमकी कशात असते?

१/ चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या नाण्याचे मोल किती? सराफाच्या तराजूत जवळजवळ शून्य. इतिहासाच्या तराजूत मात्र तेच नाणे कधीकधी शुद्ध चांदीहून जड भरते. त्यासाठी प्राचीन रोमकडे वळू.

२/ डिनेरियस हे रोमचे प्रमुख चांदीचे नाणे. बनावट नाणी पाडणारे तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवीत, ती तापवीत आणि ठशांमध्ये ठोकीत. नाणे दिसायला अस्सल. पण कडा झिजल्या की आतले तांबे डोकावू लागे. म्हणून संशयित नाण्यावर छिन्नीचा घाव घालून त्याची पारख केली जाई. असे घाव मिरवणारी नाणी आजही सापडतात.

३/ पण चांदीत हात मारणारे केवळ चोर नव्हते. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने एका रोमन पौंड चांदीतून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडण्यास आरंभ केला आणि त्यांत हीणही वाढवले. भारतात सापडलेल्या डिनेरियसच्या साठ्यांत ऑगस्टस व टायबेरियस यांची, म्हणजे नीरोपूर्व नाणीच बहुसंख्य आहेत. दूरच्या बाजारपेठेला राजमुद्रेपेक्षा धातूचा कस महत्त्वाचा वाटत होता, असा याचा अर्थ लावला जातो.

४/ इ.स. २१५ मध्ये सम्राट काराकालाने नवे नाणे आणले. त्याचे दर्शनी मूल्य दोन डिनेरियस असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आतली चांदी मात्र जेमतेम दीड डिनेरियसची. उरलेले अर्ध्या डिनेरियसचे मूल्य निव्वळ विश्वासावर उभे होते.

५/ पुढे युद्धे आणि सैन्याचे पगार यांनी तो विश्वास पोखरला. दुसऱ्या क्लॉडियसच्या काळात (इ.स. २६८–२७०) याच नाण्यात चांदी ५ टक्क्यांहूनही कमी उरली, वर फक्त तिची झिलई. जे काम बनावट नाणी पाडणारा लपूनछपून करी, तेच आता सरकारी टांकसाळ उघडपणे करू लागली.

६/ इ.स. २७४ मध्ये ऑरेलियनने सुधारणा केली. त्याच्या अनेक नाण्यांवर रोमन अंकांत ‘२१’ ही खूण दिसते. वीस भाग तांबे आणि एक भाग चांदी, असा तिचा अर्थ बहुधा लावला जातो. तसे असेल, तर शासनाने हीण लपवण्याऐवजी त्याचे प्रमाणच जाहीर केले होते. तरीही भाववाढ थांबली नाही. शतकाच्या अखेरीस खुद्द शासनच कराचा मोठा भाग धान्य व वस्तूंच्या रूपात घेऊ लागले. स्वतःच्या नाण्यावर राज्यकर्त्यांचाच भरवसा उरला नाही, की पितळ उघडे पडायला वेगळा घाव लागत नाही.

७/ म्हणूनच संग्राहकांना एक विनंती. जुन्या नाण्याला ‘उजळण्यासाठी’ चिंच-लिंबू लावून घासू नका. त्याच्यावर उरलेला चांदीचा विरळ थर वितळवून विकण्याजोगा नसतो; पण एका साम्राज्याने आपली पत कशी गमावली, याचा तो पुरावा असतो. एकदा पुसला गेला, की तो पुन्हा चढवता येत नाही.